गंज, मेण आणि विणायची सुई

लोखंड का गंजतं, हे मी नोकरीची सगळी वर्षं शाळेत शिकवलं. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. पहिल्या नळीत कोरडी हवा, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत नळाचं साधं पाणी. काही दिवसांनी तिसऱ्या नळीतला खिळा तांबडा झाला की वर्गात "अरेच्चा" व्हायचं. ते कौतुक खिळ्याचं होतं, पण मी ते स्वतःचं समजून दरवर्षी प्रसन्न व्हायचो. तेव्हा गंज या विषयात मला कोणी काही नवीन सांगेल अशी माझी अपेक्षा नव्हती. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. दोन माणसांची, कापडी टपाची, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. नाक इतकं लांब की गाडी वळणावर आधी पोचायची आणि चालवणारा मागाहून. ते गेल्यावर ती मेहुण्याच्या गॅरेजमध्ये चादरीखाली पडून होती. मेहुणा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो एके दिवशी आला आणि चहा संपायच्या आत म्हणाला,

"ताई, मला गॅरेजची जागा लागतेय. बाबांची गाडी तुला हवी तर घेऊन जा. पण तपासणीत पास झाली तर. इतक्या जुन्या गाडीला परवाना मिळाला नाही, तर ती दारात ठेवून काय वाळवण घालणार आहेस तिच्यावर?"

"आणि पास नाही झाली तर?" मी विचारलं.

"तर भंगारवाला आहेच की, दाजी."

माझी बायको कपबशा उचलत होती. तिने त्या परत खाली ठेवल्या आणि म्हणाली, "मला हवी आहे."

आमच्या संसारात "मला हवी आहे" हे वाक्य मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकलं आहे. भाजी मला हवी ती, पडदे मला आवडले ते, सुट्टीत जायचं ते माझ्या शाळेच्या सोयीने. आता तिने एकदाच काहीतरी मागितलं होतं आणि ते नेमकं माझ्या विषयातलं निघालं. मी म्हटलं, "गाडी पास होणार. गंजाचं माझ्यावर सोपव."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं, आणि एक बिस्किट घेतलं.

गाडी आमच्या इमारतीखाली येऊन उभी राहिली तेव्हा इमारतीतली सगळी मुलं तिच्याभोवती जमली. ही मुलं मला 'सरआजोबा' म्हणतात. संध्याकाळी मी त्यांना गणितं घालतो, भिंगाने मुंग्या दाखवतो, लिंबावर दिवा पेटवतो. त्यांच्या आया मला म्हणतात की तुमचा फार आधार वाटतो. मुलं काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.

समोरचा कप्पा उघडला तर त्यात एक फडकं, एक बंद पडलेली टॉर्च आणि स्वेटर विणायची एक पोलादी सुई निघाली. जोडीतली एकच, टोकाशी किंचित वाकलेली.

"ही सासूबाईंची दिसते," मी म्हटलं.

"आईची असली तरी ती बाबांकडेच असायची," बायको म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी बाबा गाडीपाशी आडवे पडले की आई खिडकीतून म्हणायची, चालले गाडीला स्वेटर विणायला. मी आपली स्टिअरिंग धरून भर्रर्र करत बसलेली असायची. मला बाबांचे फक्त पाय दिसायचे."

आम्ही दोघं हसलो. सुई लांब आणि चकचकीत होती. फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस अशी वस्तू हातची सोडत नाही. मी ती शर्टाच्या खिशाला लावली आणि त्या दिवसापासून तिने मुलांना गाडीचे भाग दाखवायला लागलो.

"हा मडगार्ड. हे दार. आणि दाराच्या खाली, चाकापासून चाकापर्यंत, ही जी पत्र्याची लांबट पेटी दिसते ती आतून पोकळ असते. शत्रू अशा ठिकाणी लपतो."

"कोणता शत्रू?" हा प्रश्न शंकासुराचा. शंकासूर ही पहिल्या मजल्यावरची दोन वेण्यांची मुलगी. तिच्या घरचे तिला दुसऱ्या नावाने हाक मारतात, पण तिचं खरं नाव हेच आहे असं माझं मत आहे.

"गंज," मी म्हटलं. "वरून रंग छान दिसतो आणि आत पत्रा पापडासारखा झालेला असतो. लबाड लोक भोकात पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. आता सांगा, पुट्टी ओळखायची कशी?"

कोणी सांगितलं नाही. हा क्षण शिक्षकाला फार प्रिय असतो. मी तो थोडा लांबवला आणि मग पिशवीतून चुंबक काढले. लोखंडाला चुंबक चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. प्रत्येक मुलाला एक चुंबक आणि एक खडू दिला. जिथे चिकटणार नाही तिथे फुली मारायची.

मुलं कामाला लागली. मडगार्डवर टक, दारावर टक, पेटीवर टक. सगळीकडे चुंबक पक्का बसत होता. मग ती नाकाकडे वळली, आणि बॉनेटवर एकही चुंबक टिकेना. ठेवला की घसरून खाली. या टोकाला घसरला, त्या टोकाला घसरला, मध्यभागीही घसरला. थोड्याच वेळात आख्खं बॉनेट फुल्यांनी भरलं आणि गाडीला गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

इतकं लांब नाक आणि नुसतं पुट्टीचं. मी वर जाऊन मेहुण्याला फोन केला. प्रामाणिकपणा ही माझी जुनी खोड आहे.

"फार गंभीर आहे," मी म्हटलं. "बॉनेटमध्ये लोखंड औषधालाही नाही."

"मी म्हटलंच होतं," तो म्हणाला. "मग उगीच दोन फेऱ्या नकोत, दाजी. तपासणीच्या दिवशी मी भंगारवाल्याला ट्रक घेऊन तिथेच यायला सांगतो."

मी खाली आलो तर शंकासूर तिचा खाऊचा डबा आणि चुंबक घेऊन उभी.

"सरआजोबा, माझ्या डब्यालाही चुंबक चिकटत नाहीये. माझा डबापण पुट्टीचा आहे का?"

मी डबा हातात घेतला. डबा ॲल्युमिनियमचा होता. मी डब्याकडे पाहिलं, मग बॉनेटकडे पाहिलं. वजन कमी राहावं म्हणून अशा गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची करतात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं आणि त्या क्षणी ते मला अगदी पान उजवीकडचं की डावीकडचं इथपर्यंत आठवलं.

"शाब्बास," मी म्हटलं. "हेच तुम्ही विचारता का, ते मी बघत होतो."

मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बायको गॅलरीत होती, तिने ठेवला नाही. मी पुन्हा मेहुण्याला फोन लावला. पण त्याने भंगारवाल्याला शब्द दिला होता आणि आमच्या घरच्यांपैकी कोणाला दिलेल्या शब्दापेक्षा तो शब्द त्याला जास्त पक्का वाटत होता.

गंज सापडला नाही याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण सापडत नाही म्हणजे नाही, असं विज्ञान म्हणत नाही. पोकळ पेटीच्या आतून चुंबक कोण लावणार? तेव्हा शोध थांबवून प्रतिबंधाकडे वळायचं मी ठरवलं, आणि इमारतीत सल्ल्यांना सुरुवात झाली.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात. त्यांना प्रत्येक गोष्टीचा अनुभव आहे. सहसा तो दुसऱ्याला आलेला असतो. त्यांच्या साडूच्या मित्राने म्हणे इंजिनचं जळकं तेल गाडीच्या पोटाला चोपडलं होतं आणि ती गाडी अजून कोरी आहे. फक्त त्या गाडीत कोणी बसत नाही, वासामुळे. गॅरेजवाल्याचं मत वेगळं होतं. तो म्हणाला, "खालून काळा डांबरी रंग फासा. दिसला नाही की गंज नाही." हे विधान इतकं अशास्त्रीय होतं की मी त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं, आणि निघताना त्या रंगाचा डबा विकत घेतला.

रंग मी स्वतः मारला. चटईवर उताणा पडून गाडीच्या पोटाचा कोपरान्‌कोपरा काळा केला. थोडा मीही झालो. तीच चटई पसरून पडलो असताना मला ती भोकं दिसली. दारांच्या खालच्या कडेला, दोन्ही पेट्यांच्या तळाशी, ओळीने बारीक भोकं. काही मातीने अर्धी बुजलेली.

मी मुलांना बोलावलं. मुलं पोटावर झोपली आणि मी सुईच्या टोकाने एकेक भोक दाखवलं.

"बघा. रस्त्यावर पाणी साचलं की चाकं ते उडवतात आणि ते या भोकांतून आत जातं. मग तिसऱ्या परीक्षानळीतल्या खिळ्याचं काय झालं?"

"गंजला," सगळी एका सुरात म्हणाली.

"मग आपण काय करायचं?"

"बुचं लावायची."

"पण कारखान्यातल्या लोकांनी भोकं मुद्दाम ठेवली असतील ना?" शंकासूर म्हणाली.

"कारखान्यात घाई असते," मी म्हटलं.

मेणबत्त्या वितळवून, कोमट मेण मळून मुलांनी बुचं वळली. कोणी लांबट, कोणी गोल, एकाने चेहरा असलेलं. आम्ही एकूण एक भोक गच्च बंद केलं, वरून पुन्हा काळा रंग फिरवला. इतकं नेटकं काम मी शाळेच्या प्रदर्शनातही पाहिलेलं नाही. सुईने ठोकून मी प्रत्येक बूच तपासलं आणि सुई परत खिशाला लावली.

तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी धुवायची होती. अनुभवी खाली आले आणि म्हणाले, "सर, नुसती धुऊ नका. परीक्षा घ्या. खिडकीच्या काचेवर नळीचा फवारा सोडा आणि आत थेंब येतो का बघा. आमच्या एका ओळखीच्यांनी नाही बघितलं, बसल्या बसल्या भिजले."

परीक्षा म्हटल्यावर माझा नाइलाज होतो. एका बाजूने मुलांनी फवारा धरला, दुसऱ्या बाजूने मी. काचांवर, टपाच्या कडांवर, पुन्हा काचांवर. दोन्हीकडून धो धो पाणी सोडलं. मग दार उघडून बघितलं तर बैठका कोरड्या ठक्क. खालीही विशेष ओघळ नव्हता. इतकं पाणी कुठे गेलं, असं शंकासुराने विचारलं. "वाफ झाली असेल," अनुभवी म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववून त्या स्वीकारल्या.

सकाळी बायको नवी साडी नेसून खाली आली. तिने आरसा नीट केला, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि गाडी सुरू केली. मी शेजारी. पहिल्या वळणावर कुठूनतरी 'डुबुक' असा आवाज आला.

"काय वाजलं?" तिने विचारलं.

"पेट्रोलची टाकी," मी म्हटलं. "भरलेली आहे ना."

सिग्नलला तिने ब्रेक दाबला आणि आमच्या दोन्ही बाजूंनी एक लाट पुढे जाऊन परत मागे आल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"अहो, टाकी मागे आहे."

"आवाज हवेतून फिरतो," मी म्हटलं, आणि ध्वनीच्या परावर्तनावर थोडं बोललो. तिने रस्त्याकडे लक्ष दिलं.

तपासणी कार्यालयात दोन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीतला म्हणाला, आधी दुसरीवर जा. दुसरीवरची बाई म्हणाली, पहिलीवरून आलात का? आलो म्हटल्यावर ती म्हणाली, मग परत पहिलीवर. माझ्या वर्गात कोणी असं वागलं असतं तर मी दोघांना एका बाकावर बसवलं असतं. शेवटी अंगणात जायची परवानगी मिळाली. तिथे मेहुणा उभा होता, आणि फाटकाबाहेर ट्रकच्या सावलीत भंगारवाला पेपर वाचत बसला होता.

तपासणी अधिकारी शांत माणूस होता. हातात टॉर्च आणि छोटी हातोडी. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सांगाड्यावरचा नंबर दाखवा."

तो नंबर गाडीच्या पोटाशी पत्र्यावर ठोकलेला असतो, हे त्याने सांगितलं. म्हणजे तो आता काळ्या रंगाखाली होता.

"कुठे आहे?" त्याने टॉर्च मारत विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "सुरक्षित आहे."

घराच्या किल्लीने खरवडून मी नंबर काढला. पहिले दोन आकडे सापडायलाच कमरेने हाय खाल्ली. अधिकारी शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरून राहिला. ओरडला असता तर परवडलं असतं.

मग त्याने दाराखालच्या पेटीवर हातोडी मारली. पोकळ पेटी ठणकायला हवी. ती 'ठप्प' अशी वाजली. त्याने दुसरी बाजू वाजवली. ठप्प.

"आत काय भरलंय?"

"काही नाही."

"सिमेंट भरलंय का? पत्रा सडला की लोक भरतात."

"मी शिक्षक होतो," मी म्हटलं.

"शिक्षकही भरतात," तो म्हणाला आणि त्याने दार उघडलं. दार त्याला जड लागलं. त्याने ते सोडलं, ते धाडकन बंद झालं, आणि आतून एखादं पिंप हलवावं तसा आवाज आला. त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. पुन्हा तोच आवाज. अंगणातले सगळे आमच्याकडे बघू लागले. भंगारवाल्याने पेपरची घडी केली.

"पाणी?" अधिकाऱ्याने विचारलं.

मला सगळं एकदम कळलं. काचेवरचं पाणी रबराच्या फटीतून दारात उतरतंच. टपावरचं पेट्यांमध्ये उतरतं. ते बाहेर जावं म्हणून खाली भोकं असतात. आणि ती भोकं आम्ही चेहरे असलेल्या बुचांनी बंद केली होती.

"ताई, राहू दे," मेहुणा हळूच म्हणाला. "मी ट्रक आत बोलावतो."

बायकोने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्या खिशाकडे बघत होती. तिने सुई काढून घेतली, टोकाच्या बाकावरून अंगठा फिरवला, साडीचा पदर खोचला आणि दारापाशी खाली बसली. दाराच्या कडेखाली हात घालून तिने सुई वर खुपसली. वाकलेलं टोक त्या भोकात असं बसलं, जणू तिथेच वाकलं होतं. मेणाचं बूच बाहेर आलं आणि पाठोपाठ स्वच्छ पाण्याची धार अधिकाऱ्याच्या बुटांवर पडली.

"स्वेटर," ती म्हणाली. "अहो, बाबा हे करायचे. भोकं मोकळी करायचे. आईला वाटायचं टंगळमंगळ करतात."

ज्या सुईने मी मुलांना ती भोकं दाखवली, ती सुई त्या भोकांसाठीच गाडीत ठेवलेली होती. मी खाली बघितलं. माझेही बूट भिजले होते.

अधिकारी लिहायला वाकला होता. बायको उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, लिहायच्या आधी एक सांगा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर कसं शोधतात?"

"पाण्यात बुडवून."

"मग ह्यांनी वेगळं काय केलंय? कालपासून या पेट्या पाण्याने भरल्यात. पत्रा आतून सडलेला असता तर आत पाणी राहिलं असतं का? रात्रभर गाडी उभी होती आणि सकाळी तिच्याखाली एवढंसंच ओलं होतं, उजव्या मागच्या चाकामागे. मला वाटलं कुत्रं आलं असेल."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. मग तो टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झाला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. आम्हाला त्याचे फक्त पाय दिसत होते. बराच वेळ गेला. उजव्या मागच्या चाकापाशी पाय थांबले आणि हातोडीचा एक मऊ आवाज आला.

"इथे," खालून आवाज आला. "अंगठ्याएवढा सडलाय. बाकी कोरडं आहे."

तो बाहेर आला. कपडे झटकले. "अशी तपासणी मी आजवर बघितली नाही," तो मला म्हणाला, "आणि पुन्हा करू नका. पाणी सगळं काढा, तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडून आणा. मी पास करतो."

मेहुणा फाटकाकडे गेला. भंगारवाला सगळं ऐकत होता. तो ट्रकवर चढत म्हणाला, "वाचलो. मी वजनावर घेतो. पाण्याचेही पैसे दिले असते."

पत्रा जोडून झाला, शिक्का बसला. मेहुण्याने किल्ल्यांची दुसरी जोडी बहिणीच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ताई, मला एक चक्कर मारून आणशील?" त्याला शेजारी बसवून ती गेली आणि गाडी सोडून बाकी सगळं विसरल्यासारखी अंधार पडायच्या बेताला परत आली. गाडी दोन माणसांची असल्यामुळे मला त्यात जागा नव्हती. मी मुलांना तीन परीक्षानळ्यांचा धडा पुन्हा शिकवला. त्यात आता चौथी नळी आहे. तिला खाली भोक आहे.

शंकासुराने विचारलं, "म्हणजे पाणी आत येतंच का?"

"येतंच. त्याला जायला वाट ठेवायची."

"भोकं मुद्दाम ठेवली असतील, हे मी आधीच म्हटलं होतं."

"म्हणाली होतीस," मी कबूल केलं.

हल्ली सुट्टीच्या दिवशी मी गाडीपाशी चटई पसरतो आणि सुई घेऊन आडवा होतो. प्रत्येक भोकात सुई घालायची, फिरवायची, माती काढायची, पुढच्या भोकाकडे सरकायचं. मुलं पोटावर झोपून टॉर्च धरतात. बायको स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली असते. तिला माझे फक्त पाय दिसतात.

"अहो," तिने परवा वरून विचारलं, "स्वेटर कुठवर आला?"

"डावी बाही झाली," मी म्हटलं.